पाचवी मागणी

सप्टेंबर १८८४मध्ये परळला गिरणी कामगारांच्या दोन सभा झाल्या, एक २३ तारखेला आणि दुसरी २६ तारखेला. मुंबई सरकारने कारखान्यांच्या चौकशीसाठी नुकताच एक आयोग नेमला होता. त्याच्यापुढे मालक बोलणार, डॉक्टर बोलणार, अधिकारी बोलणार; कामगारांनीही बोलायला हवे, असा या सभांचा हेतू होता. तिथे एक अर्ज वाचला गेला. पुढे त्यावर साडेपाच हजारांच्या आसपास सह्या आणि अंगठे पडले. अर्जामागे होते ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे हे कुटुंब ठाण्यात येऊन राहिले होते. लोखंडे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचे होते. काही काळ त्यांनी गिरणीत भांडारपालाची नोकरीही केली होती, त्यामुळे गिरणी त्यांना आतून माहीत होती.

अर्जात पाच मागण्या होत्या. रविवारची सुटी मिळावी. दुपारी अर्धा तास जेवणाची सुटी मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. या चार मागण्यांची आठवण आजही निघते, रविवारच्या सुटीच्या निमित्ताने तर हमखास निघते. पाचवी मागणी मात्र विस्मरणात गेली. काम करताना कामगाराला गंभीर इजा झाली तर बरा होईपर्यंत त्याला पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची योग्य व्यवस्था व्हावी, असे तिचे म्हणणे होते.

त्याच वर्षी जुलै महिन्यात जर्मनीने कामगारांच्या अपघात विम्याचा कायदा केला होता. इंग्लंडला तसा नुकसानभरपाईचा कायदा करायला आणखी तेरा वर्षे लागली. मुंबईचे गिरणी कामगार या बाबतीत जगाच्या मागे नव्हते. त्यांच्या मागणीचा कायदा होण्यात मात्र एकोणचाळीस वर्षे गेली.

ही मागणी कुठून आली, हे गिरणीत पाऊल टाकल्यावर समजे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये कंपनी काढली, १८५६मध्ये ताडदेवला मुंबईची पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि तीस वर्षांत परळ, लालबाग, भायखळ्यात चिमण्यांची रांग उभी राहिली. गिरणीतली सगळी यंत्रे एकाच वाफेच्या इंजिनावर चालत. छताखालून लांबलचक शाफ्ट फिरत आणि त्यांच्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत येत. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, सदऱ्याची बाही पट्ट्यात सापडली की माणूस ओढला जाई. साचा खात्यात धोटा मागातून सुटून उडाला तर समोरच्याचा डोळा जाई. कार्डिंगची यंत्रे साफ करताना बोटे तुटत. दिवस तेरा-चौदा तासांचा असे, आणि थकलेल्या हाताची चूक त्या हातालाच भोवे.

पुढे काय, हे गिरणीच्या मॅनेजरवर आणि जॉबरवर अवलंबून असे. कामावर घेणे, काढणे, बदलीवर ठेवणे, सगळे जॉबरच्या हातात. एखादा मालक दयेने काही रुपये देई, एखादा काहीच देत नसे. बरा होऊन परतलेल्या माणसाच्या साच्यावर तोवर दुसराच उभा असे.

कायदा अगदीच नव्हता, असे नाही. १८५५चा प्राणांतिक अपघातांचा कायदा होता. दुसऱ्याच्या चुकीने किंवा निष्काळजीपणाने माणूस मेला तर त्याच्या वारसांना दावा लावता येई. पण चूक मालकाचीच होती हे सिद्ध करायचे कोणी? साक्षीदार त्याच गिरणीत कामाला, यंत्र मालकाच्या कुलपात, आणि कोर्टाची फी भरायला विधवेकडे दागिनाही उरलेला नसे. शिवाय इंग्लंडच्या न्यायालयांनी १८३७पासून एक तत्त्व रूढ केले होते. कामगाराला इजा त्याच्या सोबतच्या दुसऱ्या कामगाराच्या चुकीने झाली, तर मालक जबाबदार नाही; नोकरी पत्करतानाच तो धोका त्याने पत्करलेला असतो. गिरणीतला बहुतेक अपघात कोणत्या ना कोणत्या सोबत्याच्या हातून घडलेला दाखवता येई. म्हणजे दार उघडे दिसे आणि उंबरठ्यावरच बंद होई.

१८८१च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने यंत्रांना कुंपण घालायला सांगितले होते. पण त्याचा मुख्य रोख मुलांवर होता. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायचे नाही आणि बारा वर्षांखालच्याला नऊ तासांहून जास्त राबवायचे नाही, एवढे त्याने ठरवले. जायबंदी कामगाराचे पुढे काय, याबद्दल त्यात काही नव्हते.

लोखंड्यांनी पाठपुरावा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी त्या सभेत भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी फॅक्टरी कायदा सुधारला; आठवड्याची सुटी आणि मधली अर्ध्या तासाची सुटी कायद्यात आली. पाचवी मागणी तशीच राहिली. फेब्रुवारी १८९७मध्ये, प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करताना, लोखंडे त्याच रोगाने गेले. इंग्लंडचा नुकसानभरपाईचा कायदा त्याच वर्षी संमत झाला.

पहिले महायुद्ध संपेपर्यंत मुंबई बदलली होती. महागाई चढली, गिरण्यांचा नफाही चढला, आणि जानेवारी १९१९मध्ये लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली आणि हिंदुस्थानच्या कामगारांच्या वतीने नारायण मल्हार जोशी तिथे गेले. ते कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातून ते आले होते आणि १९११मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली होती. चाळीतल्या वाचनालयापासून रात्रशाळेपर्यंत सगळी कामे लीग करी. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. अध्यक्षस्थानी लाला लजपतराय होते आणि स्वागताध्यक्ष होते बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा. माझगावचे हे काका बॅप्टिस्टा टिळकांचे सहकारी, पेशाने वकील आणि मनाने कामगारांचे.

पुढच्या वर्षी जोशी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. तिथे मार्च १९२३मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा संमत झाला. १ जुलै १९२४पासून तो अमलात आला.

या कायद्याने वादाचा पायाच बदलला. आता मालकाची चूक सिद्ध करायची गरज उरली नाही. कामाच्या ओघात आणि कामामुळे अपघात झाला, एवढे पुरेसे होते. सोबत्याच्या चुकीची पळवाट इथे चालत नव्हती. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार कामगाराने केला असला, तरी तो रद्दबातल. भरपाईची रक्कम सावकाराला जप्त करता येणार नाही. कंत्राटदारामार्फत लावलेल्या माणसाला इजा झाली, तर मुख्य मालक जबाबदार. आणि हे सगळे ठरवायला दिवाणी कोर्टाऐवजी स्वतंत्र आयुक्त.

भरपाईचा हिशेब परिशिष्टात छापलेला होता. कामगार मेला तर तीस महिन्यांचा पगार किंवा २,५०० रुपये, यांतले जे कमी ते. कायमचा पूर्ण अपंग झाला तर बेचाळीस महिन्यांचा पगार किंवा ३,५०० रुपये, यांतले जे कमी ते. अवयव गेला तर त्याचे टक्के ठरलेले. उजवा हात कोपराच्या वर तुटला तर ७०, डावा असेल तर ६०. पाय गुडघ्याच्या खाली तुटला तर ५०. एक डोळा गेला तर ३०, अंगठा २५, तर्जनी १०, बाकीचे कोणतेही बोट ५. महिना तीस रुपये मिळवणाऱ्या साचेवाल्याने अंगठा गमावला तर हिशेब ३१५ रुपयांचा होई आणि करंगळी गमावली तर ६३ रुपयांचा. अल्पवयीन मुलगा मेला तर २०० रुपये.

हे आकडे आज वाचताना अंगावर येतात. तरीही त्यांच्यामुळे एक मोठी गोष्ट घडली. याआधी अंगठ्याची किंमत मॅनेजर ठरवत होता. आता ती छापील होती, आणि मागणाऱ्याला हात जोडायचे कारण नव्हते.

कायद्यातल्या उणिवा मात्र कामगाराच्या वाट्याला आल्याच. पहिल्या दहा दिवसांसाठी काही मिळत नसे, म्हणजे छोट्या जखमांचा बराचसा भार त्याच्यावरच. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा मिळे, म्हणजे अर्ध्या पगारावर घर चालवायचे. व्यवसायजन्य रोगांची यादी अगदी आखूड होती. काळपुळी, शिशाची विषबाधा आणि फॉस्फरसची विषबाधा असे रोग तिच्यात होते. कापसाच्या तुसाने छाती धरलेला कामगार त्या यादीत नव्हता. तो रोग कायद्याच्या परिशिष्टात यायला कित्येक दशके लागली.

सर्वांत जाचक अट मुदतीची होती. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. गिरणगावातला कामगार रत्नागिरीचा, साताऱ्याचा, कोल्हापूरचा. हात मोडला की तो गावी जाई, कारण मुंबईत काम नसलेल्या माणसाला खोलीतली अंथरुणापुरती जागाही परवडत नसे. तो मेला तर त्याची बायको गावीच असे. नवरा गेल्याचे पत्र येईपर्यंत, दिवस होईपर्यंत, बोटीचे भाडे उभे करून ती मुंबईला पोचेपर्यंत किती महिने जात असतील, याचा अंदाज करता येतो. मुंबईत उतरल्यावर आयुक्त कुठे बसतात, अर्ज कोणत्या नमुन्यात द्यायचा, लग्नाचा आणि वारसाचा पुरावा काय आणायचा, हे तिला कोण सांगणार?

हे सांगणारी माणसे गिरणगावात तयार होऊ लागली होती. वकिलाखेरीज दुसऱ्या माणसालाही, आयुक्तांच्या परवानगीने, कामगाराच्या वतीने उभे राहायची मुभा कायद्यात होती. त्या एका कलमामुळे युनियनच्या कचेरीला नवे काम मिळाले. १९२६मध्ये जोशींच्या अध्यक्षतेखाली बॉम्बे टेक्स्टाइल लेबर युनियन उभी राहिली. त्याच वर्षी ट्रेड युनियन कायदाही झाला. त्याआधी मद्रासला संप घडवला म्हणून बी. पी. वाडियांच्या युनियनवर बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांनी दावा लावला होता, आणि उच्च न्यायालयाने मनाई हुकूम दिला होता. नोंदणीकृत युनियनला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर तिचा चिटणीस मालकाच्या वकिलासमोर उजळ माथ्याने उभा राहू शकला. १९२८च्या सहा महिन्यांच्या संपाने आणि त्यातून वाढलेल्या गिरणी कामगार युनियनने कामगाराला आणखी एक बळ दिले. गिरणीतल्या प्रत्येक तक्रारीला आता पत्ता होता.

परळलाच सोशल सर्व्हिस लीगचा दामोदर हॉल होता. बॅरिस्टर भीमराव आंबेडकरांचे कार्यालय काही वर्षे तिथेच होते आणि गरीब पक्षकारांची तिथे सतत रीघ असे. आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहिलेले. कामगाराचे घर त्यांना सांगावे लागत नव्हते. १९२८च्या जुलैत मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या भत्त्याचे विधेयक आले, तेव्हा आंबेडकरांनी त्याला ठाम पाठिंबा दिला. विधेयक मांडले होते आसवले यांनी. पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. बाळंतपणाच्या आधी तीन आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे. हिंदुस्थानातला अशा प्रकारचा हा पहिला प्रांतिक कायदा मुंबईचा.

१९२९मध्ये कामगारविषयक शाही आयोग नेमला गेला. त्याचे एक सदस्य जोशी होते. आयोगाने १९३१मध्ये अहवाल दिला आणि त्यानंतर १९३३मध्ये नुकसानभरपाईच्या कायद्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. दहा दिवसांचे सात दिवस झाले. कामगार मेल्याची खबर कोणत्याही मार्गाने कानावर आली तरी आयुक्त आता मालकाला नोटीस देऊन तीस दिवसांत खुलासा मागू शकत होते. मालकाने जबाबदारी नाकारली तर दावा करता येईल, असे वारसांना कळवायचीही तरतूद झाली. गावातल्या विधवेला कायदा माहीत नसला तरी निदान चौकशीचा पहिला कागद सरकारी कचेरीतून निघू शकत होता.

मृत्यूच्या भरपाईबद्दल कायद्यात पहिल्यापासून एक शहाणी अट होती. ही रक्कम मालकाने थेट वारसांच्या हाती द्यायची नाही. आयुक्तांकडे जमा करायची. मालक परस्पर पन्नास रुपये देऊन अंगठा घेऊन मोकळा झाला, तरी त्याची जबाबदारी संपत नसे. विधवा आणि मुले यांच्यात वाटणी आयुक्त करत, आणि लहान मुलांचा वाटा गुंतवूनही ठेवत.

लोखंड्यांच्या चौथ्या मागणीलाही याच काळात कायद्याचे रूप आले. १९३६च्या वेतन कायद्याने पगाराची तारीख ठरवली. हजाराहून कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत आणि जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत. दंडावर मर्यादा आली, रुपयामागे अर्धा आणा. पगार अडवला तर युनियनचा पदाधिकारी कामगाराच्या वतीने अर्ज करू शकत होता. १९३८मध्ये सोबत्याच्या चुकीचे ते जुने इंग्रजी तत्त्वही हिंदुस्थानात कायद्याने मोडीत निघाले. एक शतक ते कामगाराच्या वाटेत उभे होते.

आंबेडकर १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या काळात प्राध्यापक बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखली, १९४४मध्ये अहवाल दिला, आणि त्यातून १९४८चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. १९५२मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झालेली ही योजना १९५४मध्ये मुंबईत पोचली. विमा असलेल्या कामगाराला आता एकरकमी भरपाईसाठी मालकाशी भांडावे लागत नव्हते. अपंगत्वाचा भत्ता दरमहा मिळू लागला.

तरीही विम्याच्या बाहेर राहिलेल्यांसाठी १९२३चाच कायदा उरला, आणि त्याच्या शब्दांचा अर्थ न्यायालयात ठरत राहिला. जुलै १९५७मध्ये बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरी डेपोत पाळी संपवून दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. ती बस एका उभ्या लॉरीवर आदळली आणि काही दिवसांनी तो मरण पावला. पाळी संपली होती, म्हणजे काम संपले होते, असे बेस्टचे म्हणणे. त्याच्या विधवेने दावा लढवला, उच्च न्यायालयात जिंकला, आणि बेस्टने सर्वोच्च न्यायालय गाठले. १९६३मध्ये बहुमताने निकाल लागला. चालकाला बसने फुकट प्रवासाची सोय बेस्टच्या सेवेच्या सोयीसाठीच दिलेली होती, त्यामुळे हा प्रवास नोकरीचाच भाग होता, असे न्यायालयाने म्हटले.

दुसरा निकाल १९७५चा, ओडिशातल्या एका सुताराचा. चित्रपटगृहाचे काम करताना पडल्याने त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. परिशिष्टाप्रमाणे ही टक्केवारी अर्धवट अपंगत्वाची. पण एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सुतारापुरते हे पूर्ण अपंगत्व आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरले. भरपाईचे देणे आयुक्तांच्या निकालाच्या दिवसापासून नव्हे, तर अपघाताच्या दिवसापासून लागू होते, हेही याच निकालाने पक्के केले. थकवलेल्या भरपाईवर १२ टक्के व्याज आणि ५० टक्क्यांपर्यंत दंड, अशी तरतूदही पुढे १९२३च्या कायद्यात होती.

वकिलाच्या फीचा प्रश्नही कायद्याने हाताळला. १९७६मध्ये गरिबांना मोफत कायदेशीर मदत देण्याचे तत्त्व राज्यघटनेत आले, आणि १९८७चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५पासून अमलात आला. त्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील मिळण्याचा हक्क कोणाकोणाला, याची यादी आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, आणि त्यांच्यासोबत औद्योगिक कामगार. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत कामगाराने अर्ज केला की या हक्काची सुरुवात होते. बांधकामावरून पडलेल्या कितीतरी मजुरांना आणि ऊसतोडीत जायबंदी झालेल्यांना ही कचेरी माहीतच नसते. मुकादम सांगतो तेवढेच त्यांना कळते, आणि मुकादम भरपाईबद्दल सांगत नाही.

२२ एप्रिल २००३ रोजी मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे तीनच्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला होता. कारखाना सुमारे पाच किलोमीटरवर असताना त्याला अपघात झाला आणि तो मरण पावला. उस्मानाबादच्या आयुक्तांनी कुटुंबाला ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केले. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. कामावर पोचण्याआधीचा अपघात कामाच्या ओघातला नाही, म्हणून २०११मध्ये तो निकाल रद्द झाला. कुटुंब सर्वोच्च न्यायालयात गेले. २९ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय पुन्हा कायम केला. घरातून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि कामाशी त्याचा संबंध जुळत असेल तर, कामाच्या ओघातलाच धरायचा, असे त्या निकालाने सांगितले. देशभरात रात्रपाळीला निघणाऱ्या प्रत्येक कामगाराच्या वारसांना आता हा निकाल आयुक्तांपुढे ठेवता येतो. त्या रखवालदाराच्या घरच्यांना तो मिळवायला बावीस वर्षे लागली.